राणीचं नाक

आमच्या घराण्यात अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी एक माणूस साताऱ्याच्या दरबारात चितारी होता. चितारी म्हणजे चित्रं काढणारा. महाराज, महाराजांचा घोडा, महाराजांचा हत्ती, लग्नाच्या मिरवणुका, शिकारी, असलं सगळं तो काढायचा. आणि त्याच्याच वंशातला मी जन्मभर वाशीच्या एपीएमसी मार्केटात गाळ्यांच्या पाट्या रंगवत होतो. 'कांदा, बटाटा, लसूण. घाऊक व्यापारी.' खाली बाण. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हां. माझ्या हातचं अक्षर बघायला हमालसुद्धा डोक्यावरची गोणी घेऊन क्षणभर थांबायचे. पुढं फ्लेक्स आले आणि माझे ब्रश डब्यात सुकले, पण ते रडगाणं आज नको.

चिताऱ्याच्या गोष्टी मला वडिलांनी सांगितल्या. ते तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि त्यांना या पूर्वजाचं भारी वेड. दुसरी पोरं रामाच्या गोष्टी ऐकून झोपायची, मी चिताऱ्याच्या. वडील सांगायचे, दरबारात त्यानं मागं, खांबाशी उभं राहायचं. महाराज काही त्याच्यासाठी तासभर मान वळवून बसणार नव्हते. टक लावून बघायचीही सोय नाही, बेअदबी व्हायची. खाली मान घालून जेवढं दिसेल तेवढं डोळ्यांत भरून घ्यायचं, तडक घरी यायचं आणि कागदावर काढायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोललं की चेहरा सांडतो, असं तो म्हणायचा म्हणे. वडील मलाही वाण्याच्या दुकानात पाठवायचे, वाण्याच्या मिशा बघून ये म्हणून, आणि वाटेत मी कुणाशी बोललो की घरी आल्यावर धपाटा ठरलेला.

राण्यांचा मामला मात्र अवघड होता. त्या पडद्याआड. चिताऱ्यानं राणी उभ्या आयुष्यात बघितलेली नाही आणि राणीचं चित्र तर पाहिजे. मग आतून एखादी दासी वर्णन घेऊन यायची. रंग गव्हाळ, डोळे हरणीचे, नाक चाफेकळी. दुसऱ्या राणीचं वर्णन आलं तरी तेच. अहो, कुठली दासी येऊन सांगणार आहे की आमच्या राणीसाहेबांचं नाक भज्यासारखं आहे म्हणून! तेव्हा चिताऱ्यानं सगळ्या राण्यांना एकच चेहरा दिला, शालू आणि दागिने तेवढे बदलले. कुणाची तक्रार आली नाही.

वडिलांचं एक मोठं दुखणं होतं. त्या माणसाचं काही म्हणजे काही घरात उरलं नव्हतं. चित्रं दरबाराची, ती दरबारात गेली आणि तिथून कुठं कुठं पांगली. त्यांच्यावर नाव घालायची तेव्हा पद्धत नव्हती. मी नवीन नवीन वाशीला आलो होतो तेव्हा वडिलांना मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. तिथं साताऱ्याच्या दरबाराचं एक चित्र होतं आणि खाली लिहिलेलं, 'चित्रकार अज्ञात'. वडील पहारेकऱ्याला म्हणाले, "अज्ञात कसा? आमचाच तो." पहारेकरी म्हणाला, "आजोबा, जरा मागं व्हा, काचेला हात लावू नका." 'त्याच्या नावाची एक चिठ्ठी तिथं लागली पाहिजे रे,' एवढंच ते घरी आल्यावर म्हणाले, आणि ते शेवटपर्यंत अधूनमधून म्हणतच राहिले. ते गेले तरी चिठ्ठी काही लागली नाही.

आता गंमत ऐका. ज्याच्या नावानं वडील उसासे टाकत होते ते आमच्याच घरात होतं. रांगोळीच्या डब्यात!

शाळेच्या पाटीएवढा, पापडासारखा पातळ, पिवळट चामड्याचा तुकडा. त्यावर एका बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा, नुसत्या सुईच्या भोकांनी टोचून काढलेला. घरातल्या बायका त्याला लक्ष्मीचा छापा म्हणायच्या. आईला तो तिच्या सासूनं दिला होता, आईनं माझ्या बायकोला दिला. दिवाळी आली की तो जमिनीवर ठेवायचा, वस्त्रगाळ रांगोळीत गुलाल मिसळून मलमलीच्या पुरचुंडीत बांधायचा आणि त्या भोकांवर हलक्या हातानं थोपटायचं. छापा उचलला की खाली गुलाबी ठिपक्यांची बाई. मग चिमटीनं ठिपके जोडायचे, कुंकू लावायचं, नथ काढायची. बायकांचं काम, बायकांचा डबा. आम्ही चिताऱ्याचे वंशज फराळावर ताव मारत चिताऱ्याच्या आठवणी काढत बसायचो, दारातल्या रांगोळीकडे कोण बघतो!

कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटसमोर, लिफ्टच्या शेजारच्या त्या एवढ्याशा जागेत बायको दरवर्षी ही लक्ष्मी काढायची. दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल लावून तिची बोटं दुखायची, तरी दिवाळीत पहाटे उठून गेरू सारवल्यासारखा फरशीवर लावायची आणि कामाला लागायची. मजल्यावरच्या बायका फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या. ती वरवर 'कशाला गं' म्हणायची आणि दिवसभर खूश असायची.

परवाच्या थंडीत ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणली ती तशी. त्यानंतर मी तो रांगोळीचा डबा उघडला नाही. स्वयंपाकघरात तिचं सगळं आहे तसंच ठेवलंय, मुलगी म्हणते बाबा, निदान मसाले तरी फेकू द्या, जाळं धरलंय. मी म्हणतो धरू दे. मला ती परत पाहिजे. मसाले फेकून ती येणार आहे का, आणि ठेवून तरी? मला कळतं हो सगळं. कळून काय उपयोग?

मुलगी माझ्यासोबतच राहते, बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे. यंदा एका सुट्टीच्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती मुंबईला संग्रहालय बघायला गेली. दुपारी तिचा फोन आला. आधी नुसताच श्वास ऐकू येत होता. मी घाबरलो, म्हटलं काय झालं, कुठं आहेस?

"बाबा," ती म्हणाली, "आईची रांगोळी इथं भिंतीवर आहे."

मागून फोटो आला. जरीचा शालू, गळाभर मोती, हातात कमळ, एका बाजूनं काढलेली राणी. कपाळ तेच, ओठ तेच, हनुवटीची गोलाई तीच. मी फोन हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता उभा होतो, गॅसवरचं दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

मुलीनं तिथल्या एका बाईंना गाठून सगळं सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्या बाई आमच्या घरी आल्या. जुन्या चित्रांच्या अभ्यासक, वयानं मुलीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला गोड. हातमोजे घातले, भिंग काढलं, टेबलावर पांढरा मऊ कागद अंथरला. मी डबा आणून दिला. झाकण उघडायला मात्र त्यांनाच सांगितलं.

त्यांनी छापा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "काका, हा छापा नाही. हा खाका आहे."

खाका! वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलेला शब्द. चिताऱ्याला एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढायचा असला की तो हरणाच्या पातळ कातड्यावर रेषा काढून ती सुईनं टोचून घ्यायचा. मग कोऱ्या कागदावर ते कातडं ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, की खाली काळे ठिपके तयार. म्हणजे आमच्या बायका पिढ्यानपिढ्या जे करत होत्या ते चिताऱ्याचंच काम! फक्त कोळशाच्या जागी रांगोळी. बाईंनी मला भिंगातून भोकं दाखवली. वर सगळीकडे गुलाबी, आणि गुलाबीच्या खाली, अगदी तळाशी, काळं.

"हा कोळसा त्यांच्या हातचा असणार," बाई म्हणाल्या.

मला वडिलांची इतकी आठवण आली की मी उठून बाल्कनीत गेलो. तोंड धुऊन परत आलो.

"ही चिताऱ्याची बायको," मी त्यांना सांगितलं.

"असं म्हणता येणार नाही काका. तेव्हा एक ठरीव सुंदर चेहरा असायचा. पुरावा काय?"

"पुरावा नाही. पण राणी त्यानं बघितलेली नाही, परक्या बाईकडे टक लावून बघायची सोय नाही. मग रोज बघायला मिळणारी कोण उरली? सांगा ना!"

त्या हसल्या. पटलं नसणार, पण हसल्या. मग त्यांनी खाका दोन्ही हातांवर अलगद घेतला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. सगळी भोकं एकदम उजळली, आणि त्या थबकल्या. मुलीला म्हणाल्या, इकडे ये, हे बघ. चेहरा एकच होता पण नाकं तीन होती. एक सुरेख, चाफेकळी, बारीक भोकांचं, राणीच्या चित्रातलं. दुसरं राघूच्या चोचीसारखं पुढं येऊन खाली वळलेलं. आणि तिसरं आखूड, बसकं, मधे दबलेलं.

"ही दोन नंतर कुणीतरी टोचलीत," बाई हळहळून म्हणाल्या. "मूळ रेषा बिघडवलीय हो."

राघूची चोच मी ताबडतोब ओळखली. ते माझ्या आईचं नाक! आणि तिसरं ओळखायला मला भिंग लागणार होतं का? त्या नाकावर नथ टेकायला जागा नव्हती म्हणून मी ज्या बाईला जन्मभर चिडवलं, तिचं ते नाक. 'माहेरी सरळ होतं, तुमच्या घरात येऊन बसलं,' असं म्हणून जी मला उलट गप्प करायची, तिचं.

मग मला ती दिवाळी आठवली. मी अंघोळ करून बाहेर आलो तर दारातल्या लक्ष्मीचं नाक नेहमीसारखं नाही. म्हटलं, "काय गं, लक्ष्मीला सर्दी झाली का?" ती इतकी हसली, इतकी हसली की हातातली रांगोळी सगळी सांडली. म्हणाली, "एवढे पेंटर ना तुम्ही? ओळखा बघू कोण ते." मी म्हटलं, आधी चकल्या दे. तिनं चकल्या दिल्या. मधली सगळी वर्षं ती दर दिवाळीला स्वतःला दारात काढत होती आणि मी तिला ओलांडून मार्केटात जात होतो. फॉल लावायच्या सुईनं टोचलं असणार तिनं, दुपारी एकटी बसून. आईनंही तिच्या काळी असंच केलं असणार. सासूनं सुनेला सांगितलं असेल का हो? का दोघींना आपापलंच सुचलं?

"बिघडवलीय काय म्हणता, बाई?" माझा आवाज चढलाच. "हे माझ्या बायकोचं नाक आहे."

बाईंनी खाका अलगद कागदावर ठेवला. मग म्हणाल्या, "सॉरी काका."

त्यांनी जे समजावलं ते असं. हा खाका संग्रहालयाला मिळाला तर भिंतीवरच्या त्या राणीशी आणि इतर चित्रांशी तो ताडून बघता येईल. जुळला, आणि त्यांना जुळेल अशी खात्री वाटत होती, तर 'अज्ञात' काढून तिथं आमच्या घराण्याच्या चिताऱ्याचं नाव लावता येईल. पण खाका तिथं न्यायचा तर साफ करावा लागणार. भोकांतला गुलाल राहिला तर कीड लागते. नाकं मात्र तिन्ही राहतील, भोकं काही कुणी बुजवणार नाही. आणि घरीच ठेवायचा म्हटलं तर? त्यांनी हनुवटीपाशी बोट दाखवलं. तिथं चामडं तडकलं होतं, एक टवका सुटायला आला होता. इथल्या दमट हवेत फार काळ टिकणार नाही, म्हणाल्या. आणि हात जोडून विनंती केली, की आता यावर पुरचुंडी थोपटू नका, एका थापेत तुकडे होतील.

त्या गेल्यावर मी बरेच दिवस नुसता चिडचिड करत होतो. चहा गार झाला म्हणून मुलीवर ओरडलो. चहा मीच केला होता. एकीकडे वडील. त्यांचं एवढं एकच मागणं होतं आणि ते आता पुरं होत होतं, माझ्या हातानं. दुसरीकडे ती गुलाबी भुकटी. तिच्या शेवटच्या दिवाळीची, तिच्या बोटांनी बांधलेल्या पुरचुंडीतली. घरात तिच्या हातचं ताजं असं तेवढंच उरलं होतं, आणि तेच कुणीतरी ब्रशनं झटकून टाकणार होतं. मी मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." असल्या वेळी असलं शहाणपण कुणाला हवं असतं? भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी हनुवटीनं निकाल दिला. रोज डबा उघडून बघायचो, आणि एका सकाळी तो टवका खरंच सुटून खाली पडलेला दिसला. उद्या नाकापर्यंत तडा गेला तर? मग गुलालही नाही आणि चेहराही नाही. बाईंना फोन केला, या म्हटलं, न्या. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी गाडी घेऊन येते.

त्या दुपारी मुलगी ऑफिसात होती. मी दार उघडलं, लिफ्टशेजारची फरशी पुसली, गेरू लावला. बाहेर सण नाही, वार नाही. समोरची शेजारीण डोकावून गेली. मी खाका खाली ठेवला. नवा गुलाल घेतलाच नाही, तिची जुनी पुरचुंडी डब्यात होती तीच घेतली. थोपटायला हात उचलला आणि तो खाली येईना. पाट्या रंगवताना शिडीच्या टोकावर उभं राहून मी एका दमात सरळ रेघ ओढलेली आहे, पण इथं माझी पाचावर धारण बसली. तडकलं तर? नाकाच्या मधूनच तडकलं तर? बाईंनी हात जोडून सांगितलं होतं. सांगू देत. मला एकदा बघायची होती.

थोपटलं. बाळाला झोपवताना थोपटतात त्याहून हळू. मग दोन्ही हातांनी खाका उचलून कागदावर ठेवला. तो शाबूत होता.

फरशीवर तिन्ही नाकं उठली होती. मी माझा जुना कोरडा ब्रश आणला, आणि "राणीसाहेब, जरा बाजूला व्हा," म्हणत चाफेकळी पुसली. आईचं पुसताना "आई, तू रागावू नको," म्हटलं. मग उरलेले ठिपके जोडले. चिमटीतली रांगोळी मला जमत नाही, रेघ कुठं जाड झाली, कुठं तुटली. पण नाक जमलं. ते मला पाठ होतं. जोडून झालं आणि मी बघितलं तर समोर ती. एका बाजूनं, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असायची तशी. मी आत दारात फतकल मारून बसलो आणि पोरासारखा रडलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

संध्याकाळ होईपर्यंत मी तिथंच होतो. लिफ्टचं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली, खांद्याला पर्स, हातात कोथिंबिरीची जुडी. फोनमध्ये बघत येत होती. दोन पावलांवर आली आणि तिचं खाली लक्ष गेलं.

तिनं चपला तिथंच काढल्या.

मी आत, ती बाहेर, मधे फरशीवर तिची आई. तिला ओलांडल्याशिवाय आत यायला वाटच नव्हती.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "मी आत कशी येऊ?"

"येऊ नको," मी म्हटलं. "बस तिथंच थोडा वेळ."

ती भिंतीला टेकून खाली बसली. पर्स उतरवली, जुडी मांडीवर ठेवली. वाकून रांगोळीजवळ तोंड नेलं, आणि रोज ऑफिसातून आल्यावर दारातूनच म्हणायची तसं हळूच म्हणाली, "आई, आले गं."